रिकामा न ठेवलेला रकाना

भवानीपूर, कलकत्ता
५ जानेवारी १९४९

प्रिय कालिंदी,

नाताळात ब्रह्मदेशातील करेन जमातीच्या एका वस्तीवर हल्ला झाल्याचे वृत्त येथील वर्तमानपत्रात सहा ओळींत आले. सहा ओळींवरून निष्कर्ष काढणे शास्त्रशुद्ध नव्हे. तरी तुझा नवरा करेन आहे आणि तुमचे बिऱ्हाड रंगूनमध्ये आहे, या दोन गोष्टी मला ठाऊक आहेत. म्हणून तुम्ही तिघांनी, म्हणजे तू, बेन्सन आणि लीना यांनी, इकडे निघून यावे असे माझे स्पष्ट मत आहे. केवळ मत देऊन मी थांबत नाही, मार्गही सांगतो. खिदिरपूरच्या गोदीत जहाज कंपनीच्या प्रवासी-कचेरीत बारा वर्षे काढल्यावर निदान एवढे तरी माझ्याकडून व्हावे.

रंगूनहून निघालेली बोट तिसऱ्या दिवशी हुगळीच्या मुखाशी पोहोचते. तेथून पुढचा प्रवास समुद्रापेक्षा अवघड, कारण नदीच्या तळाशी वाळूचे बांध सरकत असतात. आज जेथे पाच वाव, म्हणजे तीस फूट, पाणी असेल तेथे महिन्याभराने दोनच. म्हणून मुखाशी नदीचा जाणकार पायलट बोटीवर चढतो आणि कप्तान त्याच्या हाती सुकाणू सोपवतो. भरतीची वेळ साधूनच बोट आउट्रॅम घाटाला लागते. हे सारे इतके नेमके चालते की पाहताना मन प्रसन्न होते. तू घाबरू नयेस म्हणून सविस्तर लिहिले. सुचित्राने मागून डोकावून पाहिले आणि म्हणाली, "अहो, वन्सं बोटीने येणार आहेत, की बोट हाकणार आहेत?" तिच्याकडे लक्ष देऊ नकोस.

लग्नाचा दाखला आणि लीनाचा जन्मदाखला हाताशी ठेव. बेन्सनला रंगून सोडण्याचा परवाना लागेल. तो मिळवण्याची रीत मी चौकशी करून कळवतो.

तुझा,
श्यामकांत


रंगून, केमेंडाईन
१८ जानेवारी १९४९

ती. दादांस कालिंदीचा नमस्कार.

हे पत्र पोस्टाने येत नाही. दवाखान्यातली एक परिचारिका चितगावला माहेरी निघाली आहे, तिच्या पिशवीतून येतंय. म्हणून सरळ लिहिते. आमच्या गल्लीत करेन घरं शोधत टोळकी फिरतात. गेल्या आठवड्यात दवाखान्याची पाटी कुणीतरी उतरवून नेली, तेव्हापासून बेन्सन खडूने दारावर 'डॉक्टर' लिहितो आणि रोज सकाळी पुसलेलं पाहून पुन्हा लिहितो. मी म्हटलं, "नाव लिहू नकोस म्हणजे झालं." तर म्हणाला, "नाव कुठे लिहिलंय? धंदा लिहिलाय." कलकत्त्यात शिकलेलं त्याचं मराठी अजून तसंच आहे, बंगाल्याने बोलावं तसं गोल गोल.

तुमचं पत्र त्याने स्वतः वाचलं. "दादांच्या पत्राखाली धड्यासारखे प्रश्न का नसतात? मी पास झालो असतो," असं म्हणून खूप हसला. पण यायला तयार नाही. बेचाळीस साली जपान्यांपुढून डोंगर ओलांडून तो हिंदुस्थानात चालत आला, तेव्हा वाटेत जे मागे पडले त्यांची नावं त्याला अजून पाठ आहेत. पुन्हा चालत सुटणार नाही म्हणतो. मी रोज थोडं थोडं त्याचं मन वळवते आहे. लीना चार वर्षांची झाली. तिला काय कळतं कोण जाणे, पण बाहेर आवाज झाला की आपल्या बाहुल्यांना पलंगाखाली नेऊन ठेवते.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. पोस्टाची पत्रं इथे आधी दुसरेच वाचतात. पुढे लिहीन ते जपून लिहीन. तुम्हीही जपून वाचा.

कालिंदी


भवानीपूर, कलकत्ता
६ फेब्रुवारी १९४९

प्रिय कालिंदी,

रंगूनशेजारी इन्सिनला सरकारी फौज आणि करेन बंडखोर यांची लढाई जुंपल्याचे वाचले. आता बेन्सनचा हट्ट पुरे झाला, असे त्याला माझ्या नावाने सांग. चौथीत तुला भागाकार शिकवताना मी जितका धीर धरला तितका आता धरता येणार नाही.

पत्रव्यवहाराविषयीची तुझी सूचना पूर्णपणे समजली. सावधपणे लिहिणे म्हणजे राज्यकर्त्यांविषयी मते न लिहिणे, असा मी त्याचा अर्थ करतो. मते वगळावी, घटना मात्र जशाच्या तशा कळवाव्या. तुझी पत्रे मी कचेरीतील कपाटात स्वतंत्र फायलीत अनुक्रमाने लावली आहेत, म्हणजे कोणताही संदर्भ तत्काळ सापडेल. सुचित्राला प्रत्येक पत्राचा गोषवारा मी घरी आल्यावर सांगतो. ती म्हणते, "गोषवारा नको, पत्र आणा." कागद ट्रामने ने-आण केल्याने गहाळ होतात, हे तिला पटत नाही.

परवान्याची रीत मला समजली आहे. अर्ज तीन प्रतींत करावा लागतो आणि कलकत्त्यातील नातेवाइकाला तो हमीपत्रासह परस्पर धाडता येतो. फारच सोयीची तरतूद आहे. तुझ्या उत्तराची वाट पाहतो.

श्यामकांत


रंगून, अडतिसावी गल्ली
२१ फेब्रुवारी १९४९

ती. दादांस नमस्कार.

केमेंडाईनचं घर सुटलं. जळलं नाही, पण राहण्याजोगं राहिलं नाही. आता लीनाला घेऊन विनायकरावांकडे आले आहे. सागवानाच्या वखारीचे व्यवस्थापक, सातारकडचे. त्यांच्या पत्नी नलिनीताईंनी एक खोली रिकामी करून दिली. सगळ्या करेन पुरुषांनी ठाण्यावर हजर व्हावं असा हुकूम निघाला, त्याच्या आधीच बेन्सन आपल्या भावाकडे खाली नदीमुखाकडच्या मुलखात निघून गेला. त्यानंतर त्याचा पत्ता नाही. पोलीस विचारायला आले, त्यांनाही मी हेच सांगितलं.

इथे आम्हाला एक आचारी मिळाला आहे. मणिपूरचा, म्हणजे आपल्याच देशचा. माणूस फार चांगला. थालीपीठ थापतो, पण मधे भोक पाडायला अजून विसरतो, वहिनींनी इतक्यांदा सांगूनसुद्धा. लीना त्याच्यावाचून जेवत नाही. मी येईन तेव्हा त्याला बरोबर आणणार, तो नसेल तर मी यायची नाही. त्याचे कागद विनायकरावांनी जमवले आहेत.

तेव्हा दादा, एवढंच करा. एकोणीस मार्चच्या बोटीवर डेकच्या तीन जागा धरा: मी, लीना आणि आचारी. आणि घाटावर या. बाकी काहीही करू नका.

कालिंदी


भवानीपूर, कलकत्ता
४ मार्च १९४९

प्रिय कालिंदी,

तुझे पत्र तीन वेळा वाचले. बेन्सन तुला आणि लेकराला टाकून निघून गेला, हे वाचून मी अर्धा दिवस कचेरीत काही काम करू शकलो नाही. तुझ्या लग्नाला आईचा विरोध असताना त्याच्या बाजूने मी बोललो होतो. तो भेकड नाही, हे मी आजही म्हणतो. गोंधळाच्या प्रसंगी माणसाला पुढचा मार्ग दिसत नाही, एवढाच त्याचा दोष. मार्ग दाखवला की माणूस चालू लागतो, असा माझा अनुभव आहे.

म्हणून मी त्याच्या परवान्याचा अर्ज आजच रजिस्टर पोस्टाने रंगूनच्या कचेरीकडे रवाना केला. तुला निश्चिंतपणा यावा म्हणून तपशील देतो. एकूण चौदा रकाने आहेत. नाव, वय, शिक्षण आणि जमात हे मी माझ्याजवळच्या लग्नाच्या दाखल्याच्या नकलेवरून भरले. जमातीच्या रकान्यात 'करेन' असेच लिहिले, कारण असत्य माहितीने अर्ज रद्द होतो. अडचण आली ती नवव्या रकान्यापाशी. तेथे सध्याचा राहण्याचा पत्ता मागतात. रिकामा रकाना दिसला की अर्ज तसाच परत येतो, हे बारा वर्षांत मी शेकडो वेळा पाहिले आहे. त्याच्या भावाचा पत्ता मजजवळ नाही. विचारांती तेथे विनायकरावांचे नाव आणि अडतिसाव्या गल्लीचा घरक्रमांक घातला. तेथे तू आहेस. परवाना आला की तू तो त्याच्यापर्यंत पोहोचवशील. एक प्रत कचेरीत राहते, दुसरी ठाण्याकडे जाते, तिसरी शिक्क्यानिशी आपल्याकडे येते. व्यवस्था निर्दोष आहे.

आचाऱ्याविषयी मात्र फेरविचार कर. आमच्या दोन खोल्यांत त्याला ठेवायचे कोठे? सुचित्रा स्वयंपाकाला समर्थ आहे. तरीही तू म्हणतेस म्हणून तीन जागा धरल्या आहेत.

श्यामकांत


भवानीपूर, कलकत्ता
८ मार्च १९४९

वन्सं,

दुपारी तार केली आहे, 'आचाऱ्याला आजच रजा द्या' अशी. ती पोहोचली नाही तर म्हणून हे लिहिते. पोस्टात टाकत नाही. बोटीवरचा एक नोआखालीचा खलाशी यांच्या ओळखीचा आहे, त्याच्या हाती देते.

काल जेवताना हे म्हणाले, "कालिंदी एक मणिपुरी आचारी आणणार म्हणते." मी विचारलं, "मणिपुरी आचारी आणि वन्संच्या घरात? काय करतो तो?" म्हणाले, "थालीपीठ करतो, असं काहीसं लिहिलं आहे." मी म्हटलं, "उद्या पत्र घरी आणलं नाहीत तर चूल पेटणार नाही." पण धीर धरवेना, तेव्हा आज डबा द्यायला म्हणून मीच ट्राम पकडून खिदिरपूरला गेले आणि कपाट उघडायला लावलं. 'वहिनींनी इतक्यांदा सांगूनसुद्धा' हे वाचलं आणि ओळखलं. त्रेचाळीस साली आमच्या चुलीपुढे बसून थालीपीठ थापणारा एकच परका माणूस होता. भोक पाडायला विसरायचा आणि मी ओरडले की "सॉरी वहिनी, ऑपरेशन राहिलं," म्हणायचा.

हे तिथल्या स्टुलावर बसले ते उठेनात. मग त्यांनीच अर्जाचं सांगितलं.

वन्सं, भाऊजींना त्या घरातून आधी काढा. कुठेही न्या. त्या घराचा पत्ता कागदावर गेला आहे.

सुचित्रा


रंगून, मुगल गल्ली
२२ मार्च १९४९

दादा,

तेरा तारखेला दुपारी ते आले. आम्ही जेवत होतो. बेन्सन वाढत होता. एकाने हातातला कागद पाहून त्याला इंग्रजीत विचारलं, "डॉक्टर सॉ बेन्सन?" तो मराठीत म्हणाला, "मी आचारी." तेव्हा लीनाने त्याचा शर्ट धरला आणि करेनमध्ये "बाबा" म्हणाली. तिचा काय दोष? महिनाभर आम्ही तिला त्याला 'महाराज' म्हणायला शिकवलं होतं आणि ती म्हणतही होती, पण ती घाबरली होती.

विनायकरावांनाही नेलं. पोलिसांजवळ घराचा नंबर होता, बेन्सनचं शिक्षण, वय, सगळं होतं. सगळं लिहून आणलेलं. शेजाऱ्यांना तो आचारीच वाटत होता, म्हणजे सांगणारं माणूस घरातलंच. मी नलिनीताईंना म्हटलं, "आमच्या पोटातलं तुमचं अन्न तुम्हाला सलत होतं का?" त्यांचा नवरा नेला होता, त्यांच्यापुढे उभी राहून मी हे बोलले. त्यांनी उत्तर दिलं नाही. ते न देणं मला कबुलीसारखं वाटलं. त्याच संध्याकाळी लीनाला घेऊन मी निघाले. आता दवाखान्यातल्या एका मुसलमान आयेच्या घरी आहे. पत्ता वर दिला आहे. तुमची मार्चमधली पत्रं मला मिळाली नाहीत. तिकडे आली असतील, पण त्या घरात मी पाऊल टाकणार नाही.

एकोणीसची बोट गेली. मी घाटावर जाऊन पाहिली.

एक कोडं सुटत नाही. पंधरा तारखेला, वाटेत आठवडा काढून आलेली तुमची तार कुणीतरी दवाखान्यात आणून दिली. 'आचाऱ्याला आजच रजा द्या.' तुम्हाला इतक्या लांब काय कळलं होतं? तुम्ही तरी जपून वाचलंत, एवढं मात्र त्यावरून समजलं. या दिवसांत तेवढाच आधार आहे.

कालिंदी


भवानीपूर, कलकत्ता
२ एप्रिल १९४९

प्रिय कालिंदी,

ज्याचा उलगडा होत नाही असे तू लिहितेस, त्याचा उलगडा मी करतो. घटनाक्रम असा.

तुझे एकवीस फेब्रुवारीचे पत्र मला एक मार्चला मिळाले. त्यातील प्रत्येक विधान मी अक्षरशः खरे मानले. घरगुती मजकूर महत्त्वाचा नसतो, अशा समजुतीने आचाऱ्याचा परिच्छेद भरभर वाचला. पत्र घरी नेले नाही. तू 'बाकी काहीही करू नका' असे बजावले होतेस. ते मी संकोच समजलो. चार मार्चला मी बेन्सनच्या नावे परवान्याचा अर्ज केला आणि राहण्याच्या पत्त्याच्या रकान्यात विनायकरावांचे घर लिहिले. रकाना रिकामा ठेवायचा नाही, या एका कारणासाठी लिहिले. दुसरी प्रत ठाण्याकडे जाते हे मला ठाऊक होते. ते मी तुला एक सोय म्हणून कळवले होते.

आठ मार्चला सुचित्राने ते पत्र वाचले आणि एका मिनिटात ओळखले. तार तिची आहे. जपून वाचल्याचे श्रेय तू मला दिलेस, ते माझे नाही.

पोलिसांच्या हाती जो कागद तू पाहिलास, तो बहुधा माझ्या अक्षरातील होता. तू जवळून पाहिला असतास तर ओळखला असतास. नलिनीबाईंनी काही केलेले नाही. त्यांना आजच वेगळे पत्र घातले असून सर्व दोष माझा असल्याचे लिहिले आहे. विनायकरावांसाठी आणि बेन्सनसाठी मी येथे ज्या ज्या दारी जाता येते तेथे गेलो. कोठे मला थांबवून ठेवले, कोठे अर्ज करण्यास सांगितले. मी अर्ज केले. आणखी काय करावे ते मला माहीत नाही.

हे सर्व नीट मांडल्याने ते कमी होत नाही, हे मला कळते. मला दुसऱ्या रीतीने लिहिता येत नाही.

तू आणि लीना या. तू माझे तोंड पाहू नकोस, हवे तर मी कचेरीतच राहीन. सुचित्रा घाटावर येईल.

श्यामकांत


रंगून, मुगल गल्ली
२६ एप्रिल १९४९

दादा,

पत्र मिळालं.

मी नलिनीताईंकडे गेले होते. त्यांनी दार उघडलं, तुमचं पत्र मला दाखवलं आणि दार लावून घेतलं. विनायकरावांना सोडलं आहे. चोवीस तासांत देश सोडायच्या अटीवर. ती दोघं अठराच्या बोटीने मद्रासकडे गेली. बावीस वर्षांचा संसार दोन ट्रंकांत गेला. घाटावर मी लांबून पाहिलं, पुढे गेले नाही.

बेन्सनचं काही कळत नाही. पहिले दोन आठवडे तुरुंगाच्या दारावर मी दिलेला डबा आत घेत. नंतर डबा परत आला. कारकून म्हणतो, या नावाचा माणूस यादीत नाही. मी विचारलं, "इथून दुसरीकडे हलवला का?" म्हणाला, "बाई, जो यादीत नाही त्याला हलवणार कुठून?" मी रोज जाते. दारात आणखी तीस-चाळीस बाया असतात, सगळ्या करेन. पहिल्यांदा मला त्यांनी रांगेत घेतलं नाही, आता माझी जागा धरतात. मी येणार नाही. तो बाहेर आलाच तर दारात कुणीतरी असायला हवं. तो येईल असं मला वाटतं, म्हणून हे लिहीत नाही.

पण लीनाला इथे ठेवता येत नाही. आयेच्या मोहल्ल्यात परवा दगड पडले. मुलीच्या डोळ्यांवरून लोक ओळखतात. तिला सात मेच्या बोटीने पाठवते आहे, दवाखान्यातल्या डॉक्टर सेनबाईंबरोबर. तुमच्याकडे पाठवते, कारण दुसरं कुणी नाही. तुम्हाला क्षमा केली असा त्याचा अर्थ काढू नका. त्याचा विचार करायला मला अजून वेळ झालेला नाही.

वहिनींना सांगा: देवी टोचली आहे, खूण उजव्या दंडावर. दूधभात खात नाही. अंधाराला भीत नाही, दारावरच्या थापेला भिते, तेव्हा येणाऱ्याने आधी हाक मारावी. बाबांना आपण पकडून दिलं असं तिला वाटतं. मी पुष्कळ समजावलं. खरं कारण तुम्हाला माहीत आहे, आणि ती विचारण्याइतकी मोठी झाली की तुम्ही स्वतः तिला सांगायचं. सगळं, पत्त्यासकट. तोवर ती जे मनाशी धरून बसेल, ते तुम्ही समोर बसून पाहायचं. एवढं मी तुमच्याकडून मागते.

तिचं मराठी बरं आहे. बाहुल्यांशी मात्र करेनमध्ये बोलते, ते बेन्सनने शिकवलेलं. तुमच्या घरात कुणाला समजणार नाही. बोलू द्या. उत्तर कुणी दिलं नाही की मुलं भाषा सोडून देतात. साल-दीड सालात तीही विसरेल. त्यासाठी कुणाला काही करावं लागणार नाही.

कालिंदी